कोल्ह्याला म्हटलेलं सॉरी

सर, आज चौथीच्या वर्गात एका पोरीवर मी सगळ्यांदेखत खेकसले, 'गप बैस' म्हणाले, आणि ह्याला कारण तुम्ही आहात. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझ्या वर्गात तुमची लुडबूड चालूच. भिंतीवर नवा तक्ता आलाय, चकचकीत, ए टू झेड. एफपाशी चित्र आहे ते आपल्या माळावरच्या कोल्ह्याचं, आणि खाली लिहिलंय फॉक्स. सगळा वर्ग माझ्यामागं घोकत होता, फॉक्स म्हणजे कोल्हा, फॉक्स म्हणजे कोल्हा. तेवढ्यात मागच्या ओळीतली एक पोरगी उठली. तिच्या घरी मेंढरं आहेत. म्हणाली, "बाई, ह्याला फॉक्स म्हणतेत तं मंग खोकडाला काय म्हणतेत? दोघांचं एकच नाव कसं?" तिला दोन्ही जनावरं रोजची, शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखी. मी म्हटलं, "गप बैस. पेपरात फॉक्सच लिहायचं." ती बसली. बसताना तिनं माझ्याकडं जे बघितलं ते घेऊन मी घरी आले, दोन पोळ्या करपवल्या, आणि आता ही वही काढली. चिडले की माझी शाळेतली मराठी पळून जाते, तेव्हा जसं येईल तसं वाचा.

ह्या प्रश्नापायी माझी एक अख्खी शाळा गेली, सर. तुम्हाला माहीत आहे. खरं काय झालं ते तुम्हाला सोडून आता कोणाला माहीत न्हाई, आणि तुम्ही तं आधीच निघून गेलात.

तुम्ही एसटीनं फाट्यावर उतरायचात. तिथून आमच्या वस्तीवर यायचात आणि आम्हा पाच पोरांना घेऊन शाळेकडं चालायला लागायचात. धावडा गावाच्या अलीकडचा तो डोंगराचा पायथा, एका अंगाला तूर, दुसऱ्या अंगाला गायरान. बाकीच्या शाळांतलं इंग्रजी फळ्यावर असायचं, आमचं त्या पायवाटेवर. नियम एकच. जनावर दिसलं तं शब्द मिळेल, न्हाई दिसलं तं न्हाई. आणि शब्द म्हणजे जनावराचं नाव न्हाई हां. "नाव काय, पुस्तकात सापडतं," म्हणायचात. त्या घडीला माणसाच्या तोंडात जो शब्द पाहिजे, तो. आम्ही येडे रोज सकाळी झुडपं हुंगत चालायचो. एखाद्या दिवशी नुसता सरडा निघाला तरी "सर, शब्द द्या, शब्द द्या" म्हणून तुमच्या शर्टाला लोंबकळायचो.

पहिला शब्द रोह्यानं दिला. वाटेवर आडवा उभा, काळपट निळा, घोड्याएवढा नीलगायीचा नर. तुम्ही दोन्ही हात पसरून आम्हाला मागं धरलंत आणि पुटपुटलात, "वेट." आम्ही थांबलो. रोही आमच्याकडं बघून राह्यला, आम्ही रोह्याकडं. मंग त्यानं मान फिरवली आणि तुरीत शिरला. त्या दिवशी आम्ही पाचही जण घरी सांगत सुटलो की रोह्याला इंग्रजीत वेट म्हणतेत. तुम्हाला हे कळलं पंधरा दिवसांनी, जेव्हा माझे वडील, आमचे अण्णा, तुम्हाला वाटेत म्हणाले, "मास्तर, चार वेट आल्ते हरभऱ्यात. लई नासाडी केली." तुम्ही हसून हसून बांधावरच बसलात, डोळे पुसायला रुमाल काढलात. अण्णांना कळेना काय झालं. तोवर सगळी वस्ती वेट म्हणायला लागल्ती, आणि अजून म्हणते. मागच्या महिन्यात मायचा फोन आल्ता, "वेटांनी मका पार झोपवला गं." माझी पोरगी म्हणाली, आजी काय म्हणतेय? मी तिला सांगितलं न्हाई. माझं हसणं तिला कशाला दाखवू, मी तं तुमच्यावर रागावलेली आहे.

'ऑलमोस्ट' सशानं दिला. अण्णांचं कुत्रं सशामागं सुटलं, पार त्याच्या शेपटीपर्यंत पोचलं, आणि ससा काट्यांत घुसला. कुत्र्याच्या तोंडात नुसते चार केस. 'बिहाइंड' लांडग्यानं दिला. ती सकाळ मला अजून अंगावर येते. नाल्यातून वर चढताना तुम्ही मान न वळवता, चाल न बदलता म्हणालात, "बिहाइंड. मागं कोणी बघायचं न्हाई. वॉक. डोन्ट रन." एका दमात तीन शब्द. आम्ही चालतोय, मागं वाळल्या पानांवर पावलं वाजून राह्यलीत, थांबतेत, पुन्हा वाजतेत. गावातलं पहिलं घर दिसलं तशी ती पावलं थांबली. तेव्हा तुम्ही वळलात, आणि आम्ही पाह्यलं तं तुमचा शर्ट पाठीला चिकटलेला, घामानं ओला. रन आणि वॉकमधला फरक मी आज पोरांना पटांगणावर पळवून शिकवते. त्यांना स्पेलिंग येतं. फरक कळतो का, देव जाणे.

आता कोल्ह्यावर येते. थंडीचे दिवस, बांधावरची बोरं पिकलेली. झाडाखाली एक कोल्हा खाली पडलेली बोरं खाऊन राह्यला होता, एकेक उचलून, सावकाश. मी दगड उचलला. का उचलला ते मला आजही सांगता येणार न्हाई. नेम कधी लागत नव्हता, त्या दिवशी लागला. मागच्या पायावर. तो असा केकाटला की माझ्याच अंगावर काटा आला, आणि लंगडत गायरानात पळाला. बाकीची पोरं हसली. तुम्ही न्हाई. तुम्हाला इतकं चिडलेलं मी कधी पाह्यलं नव्हतं.

"सॉरी म्हण," तुम्ही म्हणालात.

"सॉरी सर."

"मला कशाला? मला काय दगड लागलाय का? त्याला म्हण."

तो लांब जाऊन थांबला होता, वळून बघत होता, पाय उचलून धरलेला. मी रडकुंडीला आल्ते. सगळी पोरं बघून राह्यलेली. मी म्हणाले, "सॉरी, फॉक्स." पुस्तकात तसंच होतं ना! तं तुम्ही अजूनच भडकलात.

"तो फॉक्स न्हाई. फॉक्स म्हणजे खोकड. मांजराएवढं, शेपटीचं टोक काळं, तुमच्या विहिरीमागच्या बिळात राहतं ते. हा जॅकल आहे. आगं, दगड मारला एकाला आन् माफी मागतीस दुसऱ्याच्या नावानं? ज्याला दुखवलं त्याचं नाव तरी बराबर घे!"

मी नाक ओढत ओरडले, "सॉरी, जॅकल!" तो ऐकून घेतल्यासारखा थोडा वेळ उभा राहिला, मंग गेला. आम्ही बोरं उचलायला वाकलो तं तुम्ही म्हणालात, "हात लावू नका. त्याची हायेत." जॅकल हा शब्द मी असा शिकलेय सर, रडून. तुम्ही दिलेल्या सगळ्या शब्दांत हाच एक असा आहे की जो मला कधी आठवावा लागत न्हाई.

त्याच वर्षी तुमच्याच डोक्यातून निघालं की हिला त्या निवासी शाळेच्या परीक्षेला बसवायचं. तालुक्यात एकच परीक्षा, मुलींच्या जागा मोजून थोड्या. राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं तिथंच, पार बारावीपर्यंत. अण्णा तयार नव्हते. पोरीला कशाला लांब ठेवायचं म्हणत होते. तुम्ही चार वेळा आमच्या ओट्यावर येऊन बसलात, चहा घेतलात, माघारी गेलात. पाचव्या वेळी अण्णा म्हणाले, "बरं मास्तर, तुमच्या भरवशावर." हे शब्द नीट ध्यानात ठेवा. तुमच्या भरवशावर.

परीक्षेच्या दिवशी भोकरदनच्या शाळेत अण्णा मला घेऊन गेले तं तुम्ही आधीच फाटकापाशी उभे, पहिली गाडी धरून आलेले. अण्णा नंबर कुठल्या खोलीत आहे ते बघायला गेले. तुम्ही खिशातून एक कोरी पेन्सिल आणि एक पांढरं खोडरबर काढलंत, अजून वरचा कागद न काढलेलं. खोडरबर माझ्या मुठीत दाबलंत, वाकलात आणि एक गोष्ट सांगितलीत. ती काय, ते मी पुढं सांगते. आधी माझा राग नीट होऊ द्या.

पेपरात शेवटी सोपा प्रश्न होता, इंग्रजीत लिहा. गाय, पोपट, हत्ती, कोल्हा, मासा. मी कोल्ह्यापुढं जॅकल लिहिलं. स्पेलिंगसकट बराबर. महिन्याभरानं यादी लागली, त्यात मी नव्हते. अण्णा तडक त्या शाळेत गेले. तिथल्या कारकुनाला दया आली असेल, त्यानं माझा पेपर काढून दाखवला. लाल काट एकच, जॅकलवर. जागा गेली एका मार्कानं. ऑलमोस्ट म्हणजे काय ते सशानं मला सांगितलं होतं, पण पोटात कळलं ते त्या दिवशी. माझ्या जागी जी गेली ती आज मोठी डॉक्टर आहे, पेपरात फोटो येतो तिचा. मी गावातच दहावी केली, बसच्या टपावर दप्तर टाकून बारावी केली, डी.एड. केलं, आणि दहा-बारा वर्षं ए फॉर ॲपल म्हणून राह्यले. वाईट न्हाई चाललंय. पण त्या शाळेच्या बसमध्ये पोरी निळे स्वेटर घालून जाताना दिसल्या की मी अजून दुसरीकडं बघते.

आणि मंग तो सोमवार. शाळा भरून राह्यली होती, प्रार्थनेला सगळे रांगेत. अण्णा पटांगणात आले. चपला सुद्धा काढल्या न्हाईत, एरवी शाळेत काढायचे. "मास्तर!" म्हणून ओरडले. "एक कोल्ह्याचं नाव तुम्हाला नीट शिकवता आलं न्हाई? पुस्तकात फॉक्स आहे, सगळ्या दुनियेत फॉक्स आहे, तुमचंच येगळं? रानात हिंडवून हिंडवून पोरीचं वाटोळं केलंत! मी तुमच्या भरवशावर सोडल्ती!" हेडमास्तर मधे पडले, त्यांनाही ढकललं. दोनशे पोरं, सगळे शिक्षक, खिचडी शिजवणाऱ्या बाया, सगळे बघून राह्यले. तुम्ही एकदाच अण्णांच्या खांद्यावरून माझ्याकडं पाह्यलंत. मी चौथीच्या रांगेत दुसरी उभी होते आणि माझ्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होते. मंग तुम्ही म्हणालात, "चुकलं माझं."

एवढंच. चुकलं माझं! कशाला म्हणालात सर? कोणी सांगितलं होतं एवढा मोठेपणा करायला? त्या दिवसापासून वस्तीवरच्या आयाबाया पोरांना म्हणायला लागल्या, त्या मास्तरच्या नादी लागू नका, सरळ रस्त्यानं जा. दुसऱ्या दिवशी तुम्ही फाट्यावरून एकटेच चालत आलात. आम्ही पाचही जण सडकेनं गेलो. पायवाट बारकी, सडकेवरून दिसायची. तुम्ही एका जागी थांबला होता, काही तरी बघत होता. काय दिसलं असेल, कोणता शब्द असेल, हे मला अजून माहीत न्हाई, आणि ह्याचासुद्धा मला राग आहे. पुढच्या उन्हाळ्यात तुमची बदली झाली, पार अंबडच्या पलीकडं, अंकुशनगरकडं. तिथं उसात कोल्हे लई असतेत म्हणे.

एकदाच भेटलात त्यानंतर. मी डी.एड.ला होते, राजूरच्या गणपतीला चतुर्थीची गर्दी, मी दर्शन करून स्टँडकडं निघालेली. तुम्ही नारळाच्या दुकानापाशी. केस पांढरे, शर्ट तसाच, बाह्या दुमडलेल्या. "आगं, किती मोठी झालीस! इंग्रजी चालू आहे ना?" मी म्हटलं, हो सर. गाडी सुटायला वेळ होता, पण मी म्हटलं, सर, गाडी सुटेल. निघाले. मागून तुम्ही म्हणालात, "वेट." मला हसायला यावं म्हणून म्हणालात, कळलं मला. मी थांबले न्हाई. तुम्ही लगबगीनं आलात आणि पेढ्याचा पुडा हातात दिलात. "अण्णांना दे. म्हणावं, मास्तरनं दिलाय." ज्या माणसानं तुमची दोनशे पोरांत इज्जत काढली त्याला पेढे! तो पुडा मी गाडीतच खाल्ला. सगळा. अण्णांना दिला असता तं कोणी दिला, का दिला, सगळं निघालं असतं. पुढच्याच वर्षी कोणीतरी सांगितलं की तुम्ही गेलात, शाळेतून घरी जाताना छातीत दुखलं आणि रस्त्याकडंला बसलात ते बसलातच. मी माती द्यायला आले न्हाई. कोणत्या तोंडानं येणार होते?

तं ती गोष्ट. फाटकापाशी, खोडरबर माझ्या मुठीत दाबून तुम्ही काय म्हणालात. "हे बघ पोरी, कोल्हा आला तं फॉक्स लिही. तपासणारा काय आपल्यासोबत माळावर आलेला न्हाई, तो पुस्तकात बघून मार्क देतो. आज फॉक्स. कळलं?" मी म्हटलं, पण सर, तुम्हीच तं म्हणलात... "आज फॉक्स," तुम्ही म्हणालात, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवलात.

आणि मी फॉक्स लिहिलं होतं सर. एफ ओ एक्स, नव्या पेन्सिलीनं, सुबक. वेळ उरला होता, पेपर पुन्हा वाचत होते, आणि माझं डोकं फिरलं. सगळ्या पोरांसमोर मला रडवलंत, एका लंगड्या जनावरापुढं सॉरी म्हणायला लावलंत, आणि आता एका मार्कासाठी तोच शब्द मागं घेता? मंग मला कशाला रडवलंत? मी तुमच्याच खोडरबरनं फॉक्स खोडलं, कागद फाटेपर्यंत, आणि वर जॅकल लिहिलं, दाबून. खरं लिहायचं म्हणून न्हाई, कोल्ह्याच्या मायेनं तं न्हाईच न्हाई. तुम्हाला दाखवायचं म्हणून, रागानं. दहा वर्षांची होते, पण काय करतेय ते मला बराबर कळत होतं.

पटांगणात अण्णा ओरडत होते तेव्हा मला एक वाक्य बोलायचं होतं. "अण्णा, सरांनी फॉक्सच लिही म्हणलं होतं." बास. मला दोन थापडा बसल्या असत्या, संध्याकाळपर्यंत विषय मिटला असता. अण्णा तुमच्या पाया पडले असते, तसे होते ते. पण मी अंगठ्याकडं बघत राहिले. आणि तुम्हाला तं सगळं कळलं होतं! तुम्ही माझ्याकडं पाह्यलंत ते उगाच न्हाई. एका शब्दात सुटला असता, तरी ते 'चुकलं माझं' स्वतःच्या अंगावर ओढून घेतलंत. माझी चूक तुम्ही उचलून नेलीत सर, मला न विचारता, आणि मंग मेलात. आता मी ती कोणाकडं मागू? अण्णा जाईपर्यंत म्हणत होते, "त्या मास्तरनं घात केला." मी त्यांच्या उशाशी बसून ऐकलंय आणि हूं म्हटलंय. इतकी वर्षं मी तुमच्यावर चिडलेली आहे, कारण ते सोपं जातं.

उद्या शाळेत गेले की आधी त्या पोरीला उभं करणार आहे. तिचं नाव घेऊन, सगळ्या वर्गासमोर सॉरी म्हणणार आहे, आणि तक्त्यावर एफच्या चित्राखाली पट्टी चिकटवून जॅकल लिहिणार आहे. पेपरात काय लिहायचं ते तिचं ती ठरवेल. मला सांगता येत न्हाई, तुम्हाला तरी कुठं आलं.

हे पत्र टाकायला पत्ता न्हाई, ती गोष्ट वेगळी. असता तरी टाकलं नसतं. शेवटी सॉरी लिहावं म्हणून मघापासून पेन धरून बसलेय. मंग वर पाह्यलं, पहिल्या ओळीत मी नुसतं 'सर' लिहिलंय. तुमचं नाव लिहायला दोनदा हात नेला आणि दोनदा मागं घेतला. बिननावाचं सॉरी तुम्ही कोल्ह्यासाठीसुद्धा चालवून घेतलं नव्हतं.